समजा, अ आणि ब

१४ नोव्हेंबर, लीड्स
ब्लॉगवर पहिला लेख टाकला. तुरीचे भाव पीक घरात आल्यावरच का पडतात, एवढाच विषय. अर्थशास्त्राच्या वर्गात इंग्रजीत रोज बोलतो तेच मराठीत लिहायला बसलो तर वाक्य उभं राहीना. दोनदा सगळं पुसलं. शेवटी दादा समोर बसला आहे असं धरून लिहिलं, मग झालं. त्याने वाचून फोन केला असता. "लय शहाना झाला बे तू."

अरुणदादाला जाऊन पाच महिने झाले. 'जाऊन' लिहितो, पण तो गेला नाही. त्याला मारलं. संजूने, सख्ख्या काकाच्या मुलाने, धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, भर सकाळी, कुऱ्हाडीने.

लिहायला घेतलं त्याचं कारण वेगळंच आहे. सुट्टीच्या दिवशी हात स्वस्थ राहत नाहीत. मागच्या रविवारी कपाटाचं दार ठोसे मारून फोडलं. शेजारची बाई विचारायला आली. म्हटलं, स्क्रू बसवत होतो.

१७ नोव्हें.
लोक वाचताहेत. अकोल्याचे एक गृहस्थ खाली लिहितात, सर, तुम्ही व्यापाऱ्याची बाजू घेतली. मोर्शीचा एक जण लिहितो, सर, तुम्ही शेतकऱ्याची बाजू घेतली. दोन्हीकडून शिव्या आल्या म्हणजे लेख बरोबर बसला, असं आमच्या धंद्यात समजतात. बरं वाटलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

आईला फोन. जेवली का, गोळी घेतली का. तेच.

२ डिसेंबर
दुसरा लेख झाला, कापसावर. लिहिताना मधेच दहावा आठवला, मग पुढे काही होईना.

मी पोचलो तोवर दादाला जाळून झालं होतं. शवविच्छेदन झालेला देह, कोण थांबणार. दहाव्याला नदीवर भाऊकीतले सगळे पुरुष केस काढायला बसले. माझं झालं आणि काका येऊन न्हाव्यापुढे बसले. संजूचे वडील. पोरगा कोठडीत आणि हे दादासाठी डोकं पुढे करून बसलेले. वहिनीचा भाऊ मनोज अकोल्याहून आला होता, तो धावला. "उठ बे बुढ्या! उठ, नाईतर इथंच टाळकं फोडतो." चार जणांनी त्याला धरलं. गावातले म्हातारे म्हणाले, भाऊकी एक हाये, सुतक त्यायलेही हाये. ते खरंच होतं. त्यांच्याही घरात दहा दिवस सुतक पाळलं.

न्हावी मनोजकडेच बघत होता. काकांच्या डोक्याला वस्तरा लागला, रक्त कानामागून उतरलं. मला ते बघून समाधान झालं. आणखी लागावं असं वाटलं. हे कोणाला सांगितलेलं नाही.

त्याच दिवशी अस्थी कौंडण्यपूरला सोडल्या.

१० डिसें.
एका वाचकाचा प्रश्न आला, दारव्ह्याकडचा मुलगा आहे. "सर, हातभर धुऱ्यासाठी लोक एकमेकाले मारतात. तेवढी जमीन विकली तर कोर्टाच्या तारखेले जायचा खर्च निघत नाई. मंग काहून मारतात? अर्थशास्त्रात याले उत्तर आहे का?"

आहे. चांगलं उत्तर आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवतो.

१५ डिसें.
लेख टाकला. सलग लिहिला, कुठे अडलो नाही. मुख्य भाग इथे उतरवतो.

'समजा, अ आणि ब यांची वावरं लागून आहेत. मध्ये धुरा. अ दरवर्षी वखर जरा आत घालतो आणि धुरा कोरतो. एके सकाळी तो धुऱ्यावरची बाभूळ तोडायला लागतो. ब आज गप्प बसला तर पुढच्या वर्षी आणखी जाईल, म्हणून त्याला जावंच लागतं. समोरचा रिकाम्या हाताने येणार नाही, असं दोघांनाही वाटतं. म्हणून दोघांच्याही हातात कुऱ्हाड असते. भांडण त्या हातभर जमिनीचं नसतं, येणाऱ्या सगळ्या वर्षांचं असतं. यात कोणी वेडा नाही. दोघेही आपल्या जागी शहाणपणानेच वागतात.'

दादाचं नाव नाही. गावाचं नाव नाही. डोकं हलकं झालं. जेवलो नीट.

२० डिसें.
लेख व्हॉट्सॅपवर फिरतो आहे. अमरावतीच्या एका जुन्या सरांनी पाठवला, खाली 'आपल्या मातीतला अर्थतज्ज्ञ'. मनोजचा फोन. "भाऊ, आपल्या गावच्या ग्रुपवर बी आला. बाभूळ वाचली अन् सगळे समजले." आवाज कसनुसा होता.

वहिनीला विचारलं, वाचला का. ती माहेरी अकोल्यात आहे तेव्हापासून.
"वाचला."
मग, "सैपाक व्हायचा हाये भाऊजी." फोन ठेवला.

९ जानेवारी
अमरावतीहून सरकारी वकिलांचा फोन. संजूला जामीन झाला.

त्याच्या वकिलाने माझा लेख छापून अर्जाला जोडला. मृताचा सख्खा भाऊ, परदेशात प्राध्यापक, स्वतः लिहितो की दोघांच्याही हातात कुऱ्हाड होती. संजू पहिल्या दिवसापासून म्हणतोय की दादाने आधी मारलं, हे मला आजच कळलं. पोलिसांना तिथे दुसरी कुऱ्हाड मिळाली नव्हती, म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं.

"साहेब, तुम्ही होते का तिथं?"
"नाही. मी इथे होतो."
"मग कोणी सांगितलं?"
"कोणीच नाही. ते उदाहरण होतं."
"कशाचं उदाहरण?"

पंधरा वर्षं शिकवतो आहे. अ च्या हातात कुऱ्हाड असेल तर ब च्या हातात द्यावीच लागते, नाहीतर गणित सुटत नाही. म्हणून दिली. दादाच्या हातात मी दिली.

११ जाने.
लेख काढून टाकला. काही उपयोग नाही, लोकांच्या फोनमध्ये आहे.

संजू गावात आला. फटाके फोडले म्हणे. मग आमच्या घराच्या टिनावर दगड. आई बाहेर आली तर एक कपाळावर बसला. चांदूर रेल्वेला नेऊन टाके घातले. शेजारच्या पोरांनी नेलं. फोनवर आवाज नेहमीसारखाच.

"गोटे पडून राह्यले होते टिनावर, मले वाटलं माकडं आले."
मग म्हणाली, "तू लिवलं म्हणे, अरुननं बी कुऱ्हाळ नेली होती. तुले सपन पडलं काय रे?"
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"बोल ना. तिकळे बसून तुले सपन पडलं काय?"

१४ जाने.
आज माझ्या हातून एक गोष्ट झाली.

जेवणाच्या वेळी टॉमने विचारलं, मराठीत काय लिहितोस. तो समोरच्या खोलीत बसतो, चांगला माणूस आहे. त्याला धुऱ्याचं गणित सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, जखमेला बोट लावून बघतात तसं असेल. तो हसून म्हणाला, सुंदर, म्हणजे मेलेलासुद्धा शहाणपणानेच वागला. त्याला दादाबद्दल माहीत नव्हतं. मी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं. परत आदळलं. डोक्याच्या मागून रक्त आलं. लोकांनी मला सोडवलं तेव्हा मी मराठीत ओरडत होतो.

टॉमने तक्रार केली नाही. विभागप्रमुख म्हणाल्या, सुट्टी घ्या, घरी जाऊन या. 'घरी' म्हणताना त्यांना काय वाटत होतं कोण जाणे.

१९ जाने.
उद्या निघायचं. सामान भरताना मनोजचा फोन.

"भाऊ, संजू नाई सापडला. बुढा सापडला."
चांदूरच्या स्टँडवर. मनोज आणि दोघं, लोखंडी पाइप. काका भाजीची पिशवी घेऊन बसची वाट बघत उभे होते.
"किती लागलं?"
"दोन्ही हात. कोपरापासून खाली. वरतं जात नाईत आता."
"डोक्याला?"
"डोक्याले नाई मारलं. सांगतलं होतं पोट्ट्यायले."

मी 'बरं' म्हणालो. काय केलंस, का केलंस, काही नाही. बरं. काका सत्तरीचे आहेत. लहानपणी मला आणि दादाला खांद्यावर घेऊन यात्रेला नेलं आहे त्यांनी. फोन ठेवून शर्टांच्या घड्या घातल्या. हात एकदम शांत होते.

२२ जाने., अकोला
गावाकडे, बडनेऱ्यापर्यंत, न जाता आधी इथेच उतरलो, वहिनीकडे. मनोजला पोलिसांनी काल उचललं. तिच्या आईने माझ्याशी बोलणं टाळलं, चहा मात्र दिला.

वहिनी मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. समोर बसलो. मीही सोलायला घेतल्या. मग:

"भाऊजी, तुमाले कोनं सांगतलं?"
"कोणीच नाही, वहिनी."
"आईनं?"
"नाही."
"मंग कसं लिवलं?"
"अंदाजाने. दोघांनाही भीती असली की दोघेही…"
"अंदाजानं?"

माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मीच मान खाली घातली.

"नेली होती त्यायनं," ती म्हणाली.

मग सांगितलं. सगळं एका आवाजात, हात थांबवला नाही. बाभळीवर घाव पडल्याचा आवाज घरापर्यंत येत होता. दादा उठला, दाराआडची कुऱ्हाड घेतली. "मी म्हटलं, रिकाम्या हातानं जा, बोलून या. मले म्हने, तू भाकरी कर." ती मागून धावली. पोचली तोवर दादा पडलेला, मान अर्धी. संजू ढेकळांतून पळत होता. आपली कुऱ्हाड दादाच्या हाताखाली. "उचलली. पदराखाली धरून घरी आणली. न्हानीत धुतली. दाराआळ ठेवली. मंग वापस गेली अन् बोंबलली."

"धुतली कशाला?"
"रगत होतं पात्याले."
"कोणाचं?"
"तुमी इचारलं असतं काय, माणूस असा पडेल असताना, कोनाचं हाये म्हनून?"

शेंगांचं टोपलं उचलून आत गेली. दारातून म्हणाली, "त्यायच्यावर कोनी बोट ठेवू नये, एवढंच होतं मनात."

२४ जाने., गाव
आई मागच्या दारी लाकडं फोडत होती. कपाळावर पट्टी. धुऱ्यावरचीच बाभूळ, कोणीतरी ओंडके आणून टाकले. हातात तीच कुऱ्हाड. तिला माहीत आहे की नाही ते विचारलं नाही. तिच्या हातातून घेतली आणि फोडत राहिलो. तळवे सोलले. कुऱ्हाड चांगली आहे, वजन पुढे आहे, आपणच खाली जाते.

संजू आला. गल्लीत गाडी लावून कुंपणापर्यंत चालत आला. एकटाच. बारीक झाला आहे. शर्टाची बाही वर करून हात दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत घाव, भरलेला, जाड.

"हे पाह. पोलीस म्हने, बाभळीचा काटा लागला. एवढा काटा असते काय रे? कोनाले पटलं नाई. तू तिथं नव्हता, तरी तुलेच समजलं."
मी ओंडक्यातली कुऱ्हाड ओढून काढली.
"मले मारायचं नव्हतं सुधीर. दादानं पयला घातला. दुसरा घालत होता. आता कोर्टात बी लिवलं तसंच सांग."
"दादा पडल्यावर कितीदा मारलंस?"

त्याने बाही खाली ओढली. शवविच्छेदनाचा कागद मी वाचला आहे. मानेवर एक, आणि पडल्यावर पाठीत. पाठीतले मी मोजले नाहीत.

माझ्या हातात कुऱ्हाड होती. त्याच्या हातात काही नव्हतं. आमच्यामध्ये काट्यांचं कुंपण, तेही मोडकं. मी एक पाऊल टाकलं होतं, हे आत्ता लिहिताना कळतंय. कुऱ्हाड खांद्याच्या वर गेली होती. त्यानेही पाहिलं, हलला नाही.

"सुधीर," आई म्हणाली, "लाकळं आत आन. चूल इझून राह्यली."

आणली.

२८ जाने., अमरावती
कोर्टात जामीन रद्द करण्याचा अर्ज लागला आहे. न्यायाधीशांनी मला प्रत्यक्ष बोलावलं. लेखाचा आधार काय, तेवढंच विचारणार.

स. वकिलांच्या ऑफिसात तासभर. तरुण बाई आहेत, अभ्यास चांगला.
"एक वाक्य म्हणायचं. ते काल्पनिक उदाहरण होतं, मला घटनेची माहिती नव्हती."
"ते खरंच आहे."
"मग झालं तर. जामीन गेलाच समजा, खटल्यातही उपयोग होईल. जन्मठेप नक्की."
"आणि त्यांनी विचारलं, आज तुम्हाला काय माहीत आहे?"
त्यांनी पेन खाली ठेवलं. "काय माहीत आहे तुम्हाला?"
"काही नाही."
"बघा हं."

खाली उतरून रसवंतीसमोर उभा राहिलो. गोष्ट सरळ आहे. बोललो नाही तर संजू कायमचा आत. पडलेल्या माणसाच्या पाठीत त्याने घाव घातले आहेत, जाऊ दे आत. बोललो तर त्याची शिक्षा निम्म्यावर येईल आणि पुरावा लपवला म्हणून वहिनी उभी राहील, कदाचित आईसुद्धा. दादा पहिला हात उचलणारा ठरेल. पण त्याने उचलला होता.

मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा दादाला ओळखत नसल्यासारखं लिहिलं. आणि बरोबर निघालं. हे मला सगळ्यात जास्त खातं आहे.

३० जाने.
वहिनीला फोन. सांगितलं, असं असं विचारतील.

"तुमच्या मनाले येईन ते सांगा. माहं नाव घ्या, नाईतर नका घेऊ."
"वहिनी, तुम्हाला काय वाटतं?"
"मले काय वाटते ते मी धुतलं तवाच केलं. आता तुमी पाहा."
मग, "पण भाऊजी, अंदाजानं काई सांगू नका आता. जे सांगसान ते पाहून सांगा."

ब्लॉग उघडला. दारव्ह्याच्या मुलाने परत लिहिलं आहे. सर, तो लेख काहून काढला? मी मित्राले दाखवणार होतो, त्याचा बाप अन् चुलता रोज भांडून राह्यले. उत्तर लिहायला घेतलं. 'लेख चुकीचा होता' लिहिलं. पुसलं. 'लेख बरोबर होता' लिहिलं. तेही पुसलं. त्याला एवढंच कळवलं की मित्राच्या बापाला आजच्या आज गावाबाहेर, पाहुण्याकडे घेऊन जा.

३ फेब्रुवारी, कोर्ट
नंबर यायचा आहे. व्हरांड्यात बाकावर बसून लिहितो आहे. स. वकील आत. संजू जिन्याजवळ त्याच्या वकिलाबरोबर, इकडे बघत नाही. वहिनी आलेली नाही, मीच नको म्हटलं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला काका येऊन बसले. दोन्ही हात बोटांपासून दंडापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेले. धोतर कोणीतरी नेसवून दिलेलं. मी उठणार होतो.

"बस," म्हणाले. "मी काई बोलत नाई."

बसलो. ते जिन्याजवळच्या संजूकडे बघत होते. मग:

"मनोजले जामीन झाला काय?"
"नाही."
"त्याले सांग, माही तक्रार नाई. पोलिसायनंच केस केली."
"सांगतो."
"तू मनोजले पाठोलं होतं काय रे?"
"नाही काका." आणि मग, "थांबवलंही नाही."
"हं."

माशी त्यांच्या ओठावर बसत होती, हाकलता येत नव्हती. मान हलवत होते. मी बघत बसलो. मग हाकलली.

"पानी हाये काय तुयाजवळ?"

बाटली काढली, तोंडाला लावली. घाईत प्याले, ठसका लागला, पाणी छातीवर सांडलं. पाठीवर हात ठेवला. सगळी हाडं लागली हाताला.

"काय सांगशीन आत?"
"ठरलं नाही अजून."
"आरुन माया पोटचा नव्हता," काका म्हणाले, "पन संजूहून मायावर जास्त गेला होता. राग बी." मग, "त्यानं नेली असंन. मले मालूम हाये तो कसा होता. तरी तू सांगू नको म्हनतो मी, अन् संजू म्हनतो सांग. मी बाप हावो त्याचा. मलेच समजत नाई मी काय म्हनून राह्यलो."

शिपाई दारात आला. माझं नाव पुकारलं. परत पुकारलं.

काका म्हणतात, एक घोट अजून दे.

देतो आणि जातो.